टोमॅटोची हिरवीगार झाडं मान टाकताहेत : जिवाणूजन्य रोग शेतातच कसा ओळखायचा?

जुन्नरी_शिवार

राम राम मंडळी.

जुन्नर तालुक्यात कालव्याखालचं रान आहे. एप्रिलची लागण. मल्चिंग, ठिबक, तार-बांबू, सगळं रीतसर केलंय. सुरुवातीचे तोडे झकास निघाले. मग वळवाचे मोठे पाऊस झाले आणि खालच्या अंगाच्या सरींत झाडं मान टाकायला लागली. आधी नुसता शेंडा दुपारी मलूल व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा ताठ दिसायचा. दोन-तीन दिवसांनी झाड उठेनासंच झालं. पान पिवळं पडत नाही, ठिपका नाही, भोक नाही. हिरवं झाड हिरवंच वाळतं.

दुकानात फोटो दाखवला. ‘मर आहे, बुरशीनाशकाची आळवणी करा,’ असं सांगितलं. मुळाशी औषध ओतून आळवणी झाली, तरी झाडं जायची थांबत नाहीत. शेजारी म्हणतात करपा, पाहुणे म्हणतात व्हायरस. एकाच झाडाला तीन नावं आणि प्रत्येक नावाला वेगळी बाटली.

माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्या भागात टोमॅटोवर जेवढा खर्च रोगाने होतो, त्यातला मोठा वाटा रोग न ओळखता मारलेल्या औषधांचा असतो. बुरशी, विषाणू आणि जिवाणू यांतला फरक बांधावर उभं राहून कळला पाहिजे. लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर प्लॉट निम्मा होतो. तेव्हा जाणकारांनी खात्रीच्या खुणा सांगाव्यात. मरीच्या सांगाच, पण पानावरच्या आणि फळावरच्या जिवाणूजन्य रोगांच्याही सांगा.

टिटवी

पाणी जास्त झालंय. ठिबक बंद ठेवा चार दिवस. वापसा आला की झाडं आपोआप उठतील.

रानवाटा

@टिटवी, पाणी साचून झाड मलूल होतं तेव्हा खालची पानं पिवळी पडतात आणि पट्टाच्या पट्टा एकदम बसतो. इथे पान पिवळं नाही असं ते म्हणताहेत. शेतकरी भाऊ, झाडं एकेक करून जाताहेत की सलग? आणि उपटून मुळं पाहिलीत का? मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी आहेत. त्यांनी केलेल्या जखमांतून बाकी सगळे आत शिरतात.

जुन्नरी_शिवार

आधी इथे एक, तिथे एक. आता त्याच ओळीत पुढची-पुढची. मुळांवर थोड्या गाठी आहेत, फार नाहीत. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघ दिसते.

सूक्ष्मदर्शी

मी कृषी महाविद्यालयात बरीच वर्षं वनस्पती रोगशास्त्र शिकवलं. तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टींकडे लक्ष जातं. पान पिवळं न पडता झाड हिरवं असताना मरतं. खालच्या अंगाच्या सरींत, म्हणजे पाणी जिकडे वाहतं तिकडे, मर आहे. उन्हाळ्याच्या उष्णतेवर पाऊस पडल्यानंतर ती सुरू झाली. या तिन्हींवरून राल्स्टोनिया या जिवाणूचा संशय घ्यायला हवा. या जिवाणूला ३० ते ३५ अंश तापमान आणि ओली जमीन फार मानवते.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. तपकिरी रेघेवर जाऊ नका. ती फ्युजॅरियम बुरशीच्या मरीतही दिसते. ग्लासची परीक्षा करा, तिला खर्च काहीच नाही.

१) आज-काल मान टाकलेलं झाड निवडा. वाळून कोळ झालेलं चालणार नाही.
२) जमिनीलगतचं वीतभराहून कमी, साधारण पाच-सात सेंटिमीटरचं खोड धारदार चाकूने कापा. माती धुऊन टाका.
३) काचेच्या स्वच्छ ग्लासात नितळ पाणी घ्या. तुकडा ग्लासाच्या तोंडाशी काडीला किंवा सुतळीला असा टांगा, की कापलेलं खालचं टोक पाण्यात जेमतेम बुडेल.
४) ग्लास हलवू नका. मागे काळा कागद किंवा गडद कापड धरा.

राल्स्टोनिया असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरट दोरा सरळ खाली उतरताना दिसतो. थोड्या वेळाने पाणी गढूळ होतं. बुरशीची मर असेल तर पाणी नितळच राहतं.

दुसरी झटपट खूण अशी : खोड कापून दोन्ही कापलेली टोकं एकमेकांना टेकवा, जरा दाबा आणि हळूहळू लांब करा. मधे चिकट तार ओढली जाते.

गिरणारे_अण्णा

ताईंनी सांगितलेली ग्लासची परीक्षा आमच्याकडे कृषी विज्ञान केंद्राच्या शिबिरात प्रत्यक्ष दाखवली होती. दोरा असा काही सरळ उतरतो की लहान पोरालाही कळतं. फक्त पाणी गढूळ घेऊ नका. आमच्यातल्या एकाने शेततळ्याचं पाणी घेतलं आणि ‘सगळ्या झाडांना रोग आहे’ म्हणून ओरडत आला. :)

औषधवाला_भाऊ

माझं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून दुकानदारांच्या बाजूनेही बोलतो. शेतकरी मोबाइलवर एक धूसर फोटो दाखवतो आणि ‘लगेच काहीतरी द्या’ म्हणतो. त्यातून आम्ही काय ओळखणार? मी अशा वेळी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक आणि स्ट्रेप्टो ही प्रतिजैविकाची पुडी एकत्र देतो. त्यात बुरशीही जाते आणि जिवाणूही. बऱ्याच जणांना गुण आलाय.

सूक्ष्मदर्शी

भाऊ, फोटोची अडचण खरी आहे आणि तुम्ही ती मोकळेपणाने मांडलीत हे बरं झालं. पण ‘दोन्ही जातं’ हे मान्य नाही.

मरीचा जिवाणू मुळातून शिरून खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो. नळ्या चोंदतात म्हणून झाड सुकतं. वरून फवारलेलं कॉपर तिथे पोचतच नाही. आळवणीनेही शिरलेला जिवाणू बाहेर निघत नाही. मान टाकलेलं झाड कोणत्याही बाटलीने परत उठत नाही, हे प्रत्येक टोमॅटोवाल्याने लक्षात ठेवावं.

स्ट्रेप्टोबद्दल सांगायचं तर त्यात स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लिन अशी दोन प्रतिजैविकं आहेत. त्यातलं स्ट्रेप्टोमायसीन माणसांच्या क्षयरोगावर वापरलं जातं. शेतात त्याचा मारा होत राहिला तर त्याला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मसुदा आदेश काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीतला त्याचा वापर थांबवण्याचं त्यात मांडलं. तुम्ही दुकानातून हे सांगितलंत तर आमच्यापेक्षा जास्त लोक ऐकतील.

माणदेशी_डाळिंब

आम्ही सांगोल्याकडचे, डाळिंबवाले. तेल्या, म्हणजे डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा रोग, त्याने आमच्याकडे बागाच्या बागा काढायला लावल्या. तेव्हा स्ट्रेप्टोच्या पुड्यांवर पुड्या मारल्या गेल्या आणि तेल्या तिथेच राहिला. ज्यांनी रोगट फांद्या छाटून जाळल्या, कात्री दर झाडाला धुतली आणि पावसाळी बहार सोडून हस्त बहार धरला त्यांच्या बागा टिकल्या. टोमॅटोवालेही त्याच वाटेने चाललेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तेल्याचाही जिवाणू झँथोमोनासच ना ताई? टोमॅटोवर पडणारे ठिपके त्याच घराण्यातले का?

सूक्ष्मदर्शी

घराणं तेच, पण जात वेगळी. डाळिंबावरचा टोमॅटोवर येत नाही आणि टोमॅटोवरचा डाळिंबावर जात नाही. ‘तेलकट दिसणं’ ही खूण मात्र दोन्हीकडे लागू पडते. ती पानावरच्या रोगांसाठी फार कामाची आहे, म्हणून नीट लिहिते.

टोमॅटोच्या पानावर जिवाणूजन्य ठिपका सुरुवातीला बारीक, ओलसर आणि तेलकट असतो. पान सूर्याकडे धरून पाहिलं तर ठिपक्याभोवती पारदर्शक कडा दिसते. पुढे तो काळपट होतो, कोपरे येतात, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पान जळल्यासारखं होऊन लोंबतं. लवकर येणाऱ्या करप्याच्या ठिपक्यात एकात एक वर्तुळं असतात, भिंग असेल तर स्पष्ट दिसतात. जिवाणूच्या ठिपक्यात अशी वर्तुळं कधीच नसतात. उशिरा येणाऱ्या करप्यात मोठे पाणचट डाग पडतात आणि सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसते. जिवाणूच्या रोगात कुठेच बुरशीची लव नसते.

आता फळ. हिरव्या फळावर खरखरीत, उंच आलेले, खपलीसारखे तपकिरी डाग असतील आणि हवा २४ ते ३० अंशांची, पावसाळी असेल, तर तो झँथोमोनासचा ठिपका. टाचणीच्या डोक्याहून लहान, काळे, जवळजवळ दाटीने पडलेले आणि नखाने खरवडले तर निघणारे ठिपके असतील, तर स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूचा. त्याला १८ ते २४ अंशांची थंड, दवाची हवा लागते. म्हणजे उन्हाळी लागणीत कोणी तो सांगितला तर पटकन मान डोलावू नये.

तिसरा क्लॅव्हिबॅक्टर या जिवाणूचा कॅन्कर रोग. त्यात फळावर मधे तपकिरी उंचवटा आणि भोवती पांढरं कडं असा डाग पडतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला पक्ष्याच्या डोळ्याची उपमा देतात. पण प्रत्येक रोगट झाडाच्या फळावर हे डाग येतातच असं नाही.

गच्चीवरची_बाग

मी पुण्यात गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो लावते. फळाचं बूड काळं, चपटं आणि चामड्यासारखं होतंय. हा जिवाणू आहे का? एका गटात मला स्ट्रेप्टो मारायला सांगितलंय. वरचं वाचून भीतीच वाटली.

रानवाटा

ताई, अजिबात मारू नका. हा रोगच नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून बूड काळं पडतं. कुंडीत एक दिवस कोरडं आणि एक दिवस तुडुंब असं पाणी झालं की हमखास होतं. पाणी रोज थोडं आणि सारखं द्या, कुंडी मोठी घ्या, नत्र कमी करा. काळं पडलेलं फळ तोडून टाका, कारण त्या जागेतून नंतर सडवणारे जिवाणू शिरतात, फळाची नुसती पाण्याची पिशवी होते आणि घाण वास सुटतो. त्या वासामुळेच लोकांना वाटतं की मुळात जिवाणूच होता.

गच्चीवरची_बाग

मनापासून आभार. पुडी परत करते.

कुडाळची_माई

आमच्या कोकणात ही मर नवी नाही. वांगी, मिरची, टोमॅटो तिन्हींना होते. जांभ्याची आंबट माती, पाऊस आणि उकाडा, जिवाणूला हवं ते सगळं आमच्याकडे आहे. परसात दरवर्षी त्याच वाफ्यात वांगी-मिरची लावणाऱ्यांकडे जास्त मर दिसते. भात काढल्यावर त्याच कुणग्यात भाजी लावली तर कमी होते. पावसाळाभर पाणी तुंबलेलं असतं म्हणून असेल, असं आमचे जुने लोक म्हणायचे.

आणखी एक. मेलेलं झाड उपटून पाटात किंवा वहाळात टाकू नका हो. खालच्या माणसाच्या शेतात तेच पाणी जातं. आमच्या वाडीत याच्यावरून भांडणं झालीयत.

आगशीकार

माईंना शंभर टक्के दुजोरा. गोव्यात आमच्या आगशीच्या वांग्याचं नाव मोठं आहे, पण मरीने वाफेच्या वाफे जातात. वांगं आणि टोमॅटो शेजारी लावू नये हे आमचा अनुभव सांगतो. रानटी वांग्यावर कलम केलेली रोपं लावलेली मी पाहिली आहेत. शेजारचं साधं रोप मेलं तरी ती उभी होती. टोमॅटोलाही तेच कलम चालतं म्हणे. कोणी लावलंय का इकडे?

गिरणारे_अण्णा

लावलंय. वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम. रोप महाग पडतं आणि कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ देऊ नये, नाहीतर वरच्या टोमॅटोला मुळं फुटतात आणि कलमाचा सगळा उपयोग संपतो. जिथे मर पक्की माहीत आहे तिथेच परवडतं. बाजाराला चालणारी जात वर बांधता येते हा मोठा फायदा.

औषधवाला_भाऊ

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक वाण आहे. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, अशा तिघांना प्रतिकारक म्हणून ते दिलंय. अर्का आभा आणि अर्का आलोक हेही मरीसाठीच. आमच्याकडे मागणी कमी, कारण व्यापारी ठरावीक कंपन्यांच्या कडक सालीच्या वाणांनाच भाव देतात. रोगाला टिकणारं वाण आडतीवर टिकत नाही, ही खरी अडचण आहे.

सूक्ष्मदर्शी

भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. एक जोड देते. प्रतिकारक म्हणजे अमर नव्हे. जमीन फार तापली किंवा सूत्रकृमींनी मुळं फोडली, तर प्रतिकारक झाडही पडू शकतं. या जिवाणूचे प्रकारही भागागणिक वेगळे असतात, म्हणून एका जिल्ह्यात टिकलेलं वाण दुसऱ्या जिल्ह्यात तसंच टिकेल असं धरू नये. हा रोग काही नवा नव्हे. अमेरिकेत एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये टोमॅटो, वांगं आणि बटाट्यावरच्या या जिवाणूचं वर्णन केलं. सव्वाशे वर्षांनंतरही त्याच्यावर रामबाण औषध नाही, म्हणून ओळख आणि स्वच्छता यांवर मी एवढा जोर देते.

फ्लोरिडाकर

मूळ नारायणगावचा, आता फ्लोरिडात. इथे टोमॅटोवर झँथोमोनासचा ठिपका हा रोजचा शत्रू आहे. वर्षानुवर्षं कॉपर मारून इथल्या जिवाणूंना कॉपरची सवय झालीय. स्ट्रेप्टोमायसीनचीही तीच गत. कॉपरसोबत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळलं तर एकट्या कॉपरपेक्षा जरा बरं चालतं, पण तेही रोग दिसायच्या आधी मारलं तरच.

इथली शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. पानं ओली असताना मजूर प्लॉटमध्ये पाऊलच टाकत नाहीत. दव सुकल्यावरच बांधणी आणि तोडणी. पाण्याच्या थेंबातून, हातातून, कपड्यातून जिवाणू ओळभर पसरतो. आपल्याकडे पहाटे पाचला तोडा सुरू होतो.

गिरणारे_अण्णा

पहाटेचा तोडा बाजारासाठी असतो साहेब. दुपारच्या लिलावाला क्रेट पोचले नाहीत तर भाव जातो. पण बांधणी आणि फुटवे काढणं तरी दव सुकल्यावर करता येईल, तेवढं आम्हीही पाळावं हे खरं.

टिटवी

पण २०२० मध्ये तुमच्या जुन्नर-संगमनेर पट्ट्यात ‘तिरंगा’ आला होता ना? फळ अर्धं लाल, अर्धं पिवळं. तेही जिवाणूच होते का?

रानवाटा

नाही, तपासणीत विषाणू निघाले होते. त्या वेळी अफवा इतक्या पसरल्या की लोक टोमॅटो खायला घाबरायला लागले, टाळेबंदीत भाव आधीच पडलेले होते ते आणखी पडले. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही, हे तेव्हा कोणी ठणकावून सांगायला हवं होतं.

विषाणू आणि जिवाणू यांत गल्लत आणखी एका ठिकाणी होते. फुलकिड्यांमुळे येणाऱ्या विषाणूत कोवळ्या पानांवर बारीक काळपट ठिपके पडतात, ते पाहून लोक जिवाणूचं औषध आणतात. पण त्यात शेंडा तांबूस-कांस्य रंगाचा होऊन खुरटतो आणि पिकलेल्या फळावर पिवळी-लाल कडी उमटतात. जिवाणूच्या ठिपक्यात शेंडा असा खुरटत नाही. ज्या फळावर कडी आहेत तिथे फुलकिडे बघा, कॉपर नव्हे.

सूक्ष्मदर्शी

अगदी बरोबर. आणि ज्यांना पानावरच्या ठिपक्याची जास्त खात्री करायची आहे त्यांनी गावच्या शाळेचा मायक्रोस्कोप वापरावा. ठिपक्याची हिरवी-काळी सीमारेषा येईल असा पानाचा अगदी छोटा तुकडा ब्लेडने कापायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि शंभर पटींवर बघायचं. जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून धूर निघावा तसा ढग बाहेर वाहताना दिसतो. बुरशीच्या ठिपक्यातून असा ढग येत नाही. नववी-दहावीच्या मुलांना सोबत घ्या, त्यांना हे बघताना जो आनंद होतो तो मी अनेकदा पाहिलाय.

माणदेशी_डाळिंब

हे आमच्या शाळेत करणार. तेल्याचं पान घेऊन.

औषधवाला_भाऊ

ताई, एक खरोखर विचारतो. एका शेतकऱ्याने परवा खोड आणलं होतं. हिवाळी प्लॉट लांबवलेला, झाडं दांडगी, युरिया भरपूर. खोड आतून पोकळ, गाभ्यात आडवे पडदे, आणि बाहेरून खोडाला मुळं फुटलेली. वरचा शेंडा पिवळा. पण मोजकीच झाडं. तुमच्या यादीत हे बसत नाही.

सूक्ष्मदर्शी

फार चांगलं निरीक्षण. तुमच्या वर्णनावरून गाभा सड वाटते. स्यूडोमोनास कोरुगाटा नावाच्या जिवाणूने होते. रात्री थंड, हवा दमट आणि नत्र अति, अशा लुसलुशीत झाडांत ती दिसते. साथीसारखी पसरत नाही. नत्र आवरलं आणि हवा तापली की बरीच झाडं सावरतातही. अशा वेळी अख्खा प्लॉट उपटायला सांगितलं तर शेतकऱ्याचं विनाकारण नुकसान होईल.

कॅन्करशी तिची गल्लत होऊ शकते, म्हणून फरक सांगते. कॅन्करमध्ये आधी पानाच्या कडा करपतात, पुष्कळदा पानाच्या एकाच बाजूच्या पर्णिका सुकतात, आणि खोड चिरल्यावर सालीच्या आत पिवळसर ते तांबूस रेघ दिसते. तो बियाण्यातून येतो आणि फुटवे काढणाऱ्या हातांतून व कात्रीतून ओळीने पुढे सरकतो. एका ओळीत लागोपाठ झाडं त्याच क्रमाने गेली असतील तर मजुराने कोणत्या टोकापासून काम सुरू केलं ते विचारा. कॅन्करचा संशय आला की स्वतः निर्णय न घेता नमुना तपासायला द्यावा.

कुडाळची_माई

बियाण्यातून येतो तर घरचं बी धरणाऱ्यांनी काय करायचं? मी गावठी टोमॅटोचं बी अजून घरीच धरते.

सूक्ष्मदर्शी

माई, निरोगी झाडाचंच फळ घ्या. गर आंबवून बी धुवा, सुकवा. पेरण्याआधी बी सैल फडक्यात बांधून आधी कोमट पाण्यात आणि मग ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवा. लगेच गार पाण्यात काढा आणि सावलीत सुकवा. थर्मामीटरशिवाय करू नका. पाणी जास्त तापलं तर बी मरतं, कमी तापलं तर जिवाणू जगतो. विकतच्या रंगीत, औषध लावलेल्या बियाण्याला हे करू नये.

जुन्नरी_शिवार

मंडळी, ग्लासची परीक्षा केली. सविस्तर लिहितो.

खालच्या सरींतलं आदल्या दिवशी मान टाकलेलं झाड घेतलं. खोड कापून सुतळीने टांगलं, मागे पोराची काळी पाटी धरली. आधी काहीच नाही. मग कापलेल्या टोकापासून एक पांढरी रेघ सुटली, खाली तळापर्यंत गेली आणि तिथे पसरली. मागोमाग दुसरी. शेजारचे बापू, जे करपा म्हणत होते, ते सोबत होते. त्यांनी स्वतः दुसरं झाड कापून आणलं. त्यातही तेच.

मग वरच्या अंगाला जी थोडी झाडं गेलीत त्यातलं एक घेतलं. पाणी नितळ. कितीतरी वेळ ठेवलं तरी नितळच. खोड जमिनीलगत पाहिलं तर पांढऱ्या बुरशीचे धागे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. म्हणजे एकाच प्लॉटमध्ये दोन वेगळ्या मरी?

सूक्ष्मदर्शी

होय. दाणेवाली ती स्क्लेरोशियमची खोडकूज, म्हणजे बुरशी. तुमच्या आळवणीचा उपयोग झाला असेल तर वरच्या अंगाला. खालच्या अंगाला ती कामाची नव्हतीच. तिथे पुन्हा आळवणी करू नका.

आता लगेच करायचं असं : रोगट झाड ओढून उपटू नका, मुळांची माती शेजारच्या झाडांवर उडते. मल्चिंग कापून, मातीच्या गोळ्यासह खोदून पोत्यात भरा आणि रानाबाहेर खोल खड्ड्यात पुरा. शेणखताच्या उकिरड्यावर अजिबात नको. खालच्या सरींचं ठिबक वेगळं करा आणि पाणी कमी ठेवा. तिथलं पावसाचं पाणी खालच्या शेतात जाणार नाही असा चर काढा. सगळी कामं वरच्या अंगापासून सुरू करून खाली संपवा, आणि अवजारं, चपला, हात धुऊनच पुन्हा वर जा.

रानवाटा

आणि पुढचा बेवड बदला. त्या तुकड्यात वांगी, मिरची, बटाटा, ढोबळी, आलं काही नको. मका किंवा ज्वारी घ्या. तणंही राखू नका, कारण तणांतही जिवाणू जगतो, विशेषतः वांग्याच्या कुळातल्या कामोणीत. सूत्रकृमींसाठी मधे एकदा झेंडू धरला तर दसऱ्याला पैसेही होतील.

जुन्नरी_शिवार

मका करतो, जनावरांना मुरघासही होईल. बांबू आणि सुतळीचं काय करू? बांबू पुढच्या प्लॉटला लागणार आहेत.

गिरणारे_अण्णा

सुतळी जाळा, ती स्वस्त आहे. बांबूंची टोकं खरवडून माती काढा, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा. आम्ही दर हंगामाला करतो, रोग असो वा नसो.

औषधवाला_भाऊ

मी दुकानात काऊंटरवर एक काचेचा ग्लास, चाकू आणि काळा पुठ्ठा ठेवलाय आजपासून. मरीचं औषध मागणाऱ्याला आधी ताजं झाड घेऊन या म्हणतो. एक गिऱ्हाईक चिडून गेलं, पण दोन जण झाड घेऊन परत आले.

सूक्ष्मदर्शी

भाऊ, हे वाचून फार समाधान वाटलं.

@जुन्नरी_शिवार, तरीही एक नमुना नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात द्याच. ग्लासात दोरा दिसला म्हणजे मरीचा जिवाणू जवळजवळ नक्की, पण सूत्रकृमी किती आहेत हे मातीच्या तपासणीतच कळेल आणि पुढच्या पिकाचं नियोजन त्यावर ठरेल. अख्खं झाड मुळांसह खोदा. मुळं मातीसकट प्लॅस्टिक पिशवीत घालून खोडाशी बांधा, वरचा भाग कोरड्या कागदात गुंडाळा. पानांवर पाणी शिंपडू नका, ओल्या कपड्यात बांधू नका, वाटेत कुजतात. वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने वेगळे ठेवून चिठ्ठी लावा. शनिवारी दिलं तर पडून राहील.

जुन्नरी_शिवार

सोमवारी सकाळी दोन्ही घेऊन जातो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.